मामानं सांगितलं, कबूल हाय म्हण

सकाळची बातमी मला दुपारी कळली. कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर काम करते, तिथं मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत काढला तर मामीचे सात मिस्ड कॉल. मामा गेला होता. मैदानावर पोरांना पळवता पळवता खाली बसला, तो उठलाच नाही. डबा तसाच ठेवून मी सांगलीच्या स्टँडवर आले आणि मिळेल त्या गाडीनं खंडाळ्याकडं निघाले. साताऱ्यापर्यंत रडत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं, वडील का गं? मी व्हय म्हटलं. आटपाडीकडच्या आमच्या घरात वडिलांनी मला शाळेत घातलं, पण मला घडवलं ते मामानं, त्यामुळं मी खोटं बोलले असं मला वाटलं नाही. आज सहा आठवड्यांनी हे लिहिताना मात्र तो 'व्हय' परत घ्यावासा वाटतो आहे... का, तेच सांगायचं आहे.

मामा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि खंडाळा तालुक्यातल्या आपल्या गावाबाहेरच्या माळावर चुन्यानं रेषा मारून भरतीची तयारी करून घेऊ लागला. फुकट. पोरींना त्या माळावर पहिल्यांदा आणलं ते त्यानंच. माझी बारावी झाल्यावर तो आमच्याकडं आला, वडिलांसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, दोन वर्षं पोरगी माझ्याकडं द्या. वडिलांनी नाही म्हणायला तोंड उघडायच्या आत माझी पिशवी त्याच्या हातात होती. मग रोज पहाटे स्टीलचा पेला दारावर आपटून आम्हाला उठवायचा. कौतुक करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. जीव तोडून पळालं तर "बरं पळालीस" म्हणायचा, आणि तेवढ्यावर आमचा आठवडा निघायचा. माझे बूट फाटले तेव्हा स्वतःचे जुने फौजी मोजे दोन-दोन चढवून मला त्याच्या पोराचे बूट बसवले होते. असला माणूस.

त्या वर्षी महामार्गावर आमच्या फाट्याला, दुधाचे कॅन घेऊन रस्ता ओलांडणारी गावातली एक बाई ट्रकखाली सापडली. भुयारी मार्ग पाहिजे म्हणून अख्खं गाव रस्त्यावर येऊन बसलं. आम्ही मैदानावरून तसेच घामेजल्या कपड्यांत जाऊन बसलो. पोलीस नावं विचारू लागले तसे बरेच जण पांगले. मामा हलला नाही. फौजी आवाजात त्यानं स्वतःचं नाव सांगितलं आणि पाठोपाठ माझंही, वडिलांच्या नावासकट. आपण काय चोरी केलीय का, लपायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. अकरा जणांवर गुन्हा दाखल झाला. पुढं तो मार्गही झाला, आणि सहा आठवड्यांपूर्वी मामाला शेवटचं आम्ही त्यातूनच नेलं.

काही महिन्यांनी समन्स आलं. तारखेला हजर राहायचं म्हणजे दिवस मोडतो, लोकअदालतीत कबूल करून टाकलं की किरकोळ दंड होतो आणि माणूस सुटतो, असं गावात सगळेच बोलायचे. कोर्टाच्या व्हरांड्यात मामा मला म्हणाला, "कबूल हाय म्हण, सही कर आन् चल. सांजच्याला गोळाफेक घ्यायचीय." आणि तुमचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, माझं वकीलसाहेब बघत्यात. मी आत गेले. समजून उमजून कबूल करताय ना, असं मला विचारण्यात आलं. मी मान डोलावली. त्या संध्याकाळी माझा गोळा नेहमीपेक्षा लांब पडला, हे सुद्धा मला आठवतं.

पुढच्या वर्षी पोलीस भरती निघाली. साताऱ्याच्या मैदानावर आठशे मीटरला माझ्या पुढं दोघीच होत्या. लेखी परीक्षाही चांगली गेली आणि निवड यादीत नाव लागलं. मामानं गावभर पेढे वाटले. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. कधी अटक झाली आहे का, खटला चालला आहे का, दंडाची का होईना शिक्षा झाली आहे का... माझं पेन थांबलं. "मामा, ते रस्त्यावरचं?" तो म्हणाला, "त्यो काय गुन्हा व्हता व्हय? न्हाई लिही." मी 'नाही' लिहिलं.

नोंद ठाण्यात होतीच. नोटीस आली. गुन्हा कबूल केलेला, वर माहिती दडवलेली. आम्ही खुलासा दिला, हेलपाटे घातले. एक साहेब भले होते. म्हणाले, बाई, खरं लिहिलं असतंत तर निदान विचार तरी करता आला असता. निवड रद्द झाली. त्या दिवशी मामा जेवला नाही. मीच त्याच्यापुढं ताट सरकवलं आणि जाऊ द्या मामा, नशिबात नव्हतं म्हणून त्याची समजूत काढली. ती काढलेली समजूत आज मला सगळ्यात जास्त झोंबते.

मामाची तारीख मात्र पडत राहिली आणि दोन-तीन वर्षांत सरकारनं आंदोलनातले असले खटले मागे घेतले. ज्यांनी चालढकल केली ते सगळे कोरे सुटले. मामाही. माझा खटला संपलेला होता, त्यामुळं मागे घ्यायला काही उरलंच नव्हतं. मामा निवृत्तीपासूनच एका बँकेत बंदूकधारी गार्ड होता आणि ती नोकरी त्यानं शेवटपर्यंत केली. मला तेव्हा काही वाटलं नाही, उलट त्याचं तरी निभावलं म्हणून बरं वाटलं. पुढं माझं लग्न झालं, कुपवाडला आले, ठेकेदाराकडून कामाला लागले. कायम करायचं म्हणून कंपनीनं तीनदा विचारलं. कायम होण्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो. एकदा मी सासूचं आजारपण पुढं केलं, एकदा मुलगी लहान आहे म्हटलं, तिसऱ्यांदा काय सांगितलं ते आठवतही नाही. माझ्या मागून आलेल्या बायका कायम झाल्या.

तेराव्याला वकीलसाहेब आले होते. आता खूप थकलेत. मला जवळ बोलावून म्हणाले, तू ती पळणारी ना? खटला झाला त्याच वर्षी लग्न झालं का गं तुझं? मी म्हटलं, नाही, चार वर्षांनी. ते गोंधळले. "असं कसं? मी हवालदारांना तेव्हाच म्हणालो होतो, तुम्ही कबूल करू नका, गार्डची नोकरी जाईल. आणि ही पोरगी भरती करते, तर हिलाही करू देऊ नका. तर मला म्हणाले, ती हौसेनं पळतीया, लगीन ठरलंय तिचं, तिला कुठं नोकरी करायचीय." एवढं सांगून त्यांनी चहा घेतला आणि गेले. आपण काय बोलून गेलो, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

माझं लग्न ठरलं नव्हतं. तेव्हा साधं एक स्थळही आलेलं नव्हतं.

मामीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. तिनं भांड्यावरचा हात थांबवला नाही. "तुला दर तारखंला न्यायचं-आनायचं कोन, आसं त्यांनी म्हनलं व्हतं... मला वाटलं, त्यास्नी कळत आसंल." म्हणजे तिलाही माहीत होतं. मी तिच्यावर चिडले नाही, मला चिडायचं आहे ते ज्याच्यावर, तो नाही. मामा वाईट असता तर सोपं गेलं असतं. ज्यानं माझ्या आठशे मीटरमधला एकेक सेकंद भांडून कमी केला, त्याला मी कधी वर्दी घालीन असं वाटतच नव्हतं. मग त्या दोन वर्षांतल्या पहाटा कशासाठी होत्या? हौस होती म्हणतो. कुणाची? आणि यादीत नाव लागल्यावर वाटलेले पेढे? तेव्हा तरी त्याला सांगता आलं असतं की खरं लिही, चूक माझी आहे. त्यानं 'न्हाई लिही' सांगितलं. मला फसवलं त्यानं, आणि हे मला त्याच्या तोंडावर म्हणता येत नाही.

गेल्या आठवड्यात कंपनीनं चौथ्यांदा फॉर्म दिला. या वेळी तो मी घेतला. शिक्षा झाली आहे का, या प्रश्नापुढं 'होय' लिहिलं. तपशिलाला दोन ओळींची जागा होती, तिथं लिहिलं की महामार्गावर बसले होते, दंड भरला. कबूल का केलं, कुणी सांगितलं, याला रकाना नसतो. दाखला मिळेल की नाही, कंपनी ठेवेल की घालवेल, मला माहीत नाही. खाली 'आपणास चांगले ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे' असं होतं. कॉलेजपासून असल्या प्रत्येक फॉर्मवर पहिलं नाव मी मामाचंच घालत आले. हाताला सवय. त्याचं नाव, पुढं 'माजी सैनिक', गाव, तालुका सगळं लिहून झालं आणि मग मी ते खोडलं.

कंपनीतल्या साहेबांनी फॉर्म पाहिला आणि खाडाखोड कशाला केली म्हणून विचारलं. मी म्हटलं, वारले ते. जिवंत असते तरी खोडलं असतं, हे सांगितलं नाही.