दर पंधरा दिवसांची सोनोग्राफी

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. धुळ्याकडून इथं वापीजवळ आलो, आमलीच्या सुताच्या कंपनीत मशीनवर उभा राहिलो आणि टोकरखाड्यात दोन खोल्यांचं घर केलं. त्या घरात माझ्या शब्दापुढं कोणी जात नाही, असं मला वाटायचं.

सूनबाईला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिली मुलगी, चार वर्षांची. पाचव्या महिन्यात वापीला सोनोग्राफी झाली, तिथवर ठीक. पण पंधरा दिवसांनी परत. त्यानंतर परत. विचारलं तर मुलगा म्हणायचा, "रूटीन आहे आप्पा." पहिल्या वेळी नव्हतं असलं रूटीन. दोघं तोंड पाडून घरी यायचे, म्हातारीशी, म्हणजे माझ्या बायकोशी, स्वयंपाकघरात कुजबुजायचे, आणि मी दारात गेलो की गप्प.

माझ्या डोक्यात एकच आलं. गावाकडं माझ्या चुलतभावाच्या सुनेला असंच दोनदा तपासायला नेलं होतं. दुसऱ्या खेपेला ती मोकळी होऊन आली. 'पडलं' म्हणाले. खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं, मलाही. मी चहा पिऊन परत आलो होतो.

माझ्या घरात हे होऊ द्यायचं नाही, असं ठरवलं. पुढच्या तारखेला सकाळीच त्यांची फाईल उचलली, लोखंडी पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि पेटीवर बसलो.

"आप्पा, अकराची वेळ आहे. फाईल द्या," मुलगा म्हणाला.

"मुलगी असली तर मला द्या. मी वाढवतो."

मुलगा पेटीजवळ आला. "काय बोलताय तुम्ही?"

"सगळं समजतं मला. हे केस उन्हात नाही पांढरे झाले."

म्हातारी आतून ओरडली, "उठा हो! कळत नाही तिथं कशाला शहाणपण?"

सूनबाई माझ्यासमोर फरशीवर बसली, एवढं पोट घेऊन.

"आप्पा, मुलगा की मुलगी ते आम्हालाही माहीत नाही. बाळाच्या फुफ्फुसात गाठ आहे. पाण्याच्या बुडबुड्यांची. वाढली तर हृदय दाबलं जाईल. ती वाढते का, तेच बघायला जातो."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाला असता, पोटातल्या पोराची छाती कोणी बघितली? जाऊ नका."

तेच म्हणालो असतो. खोटं कशाला लिहू.

फाईल दिली, आणि गाडीत मीही बसलो. चला, असं कोणी म्हटलं नव्हतं.

तिथं डॉक्टरबाईंना आधीच सांगून टाकलं, "मुलगी असली तरी आम्हाला चालतंय."

"काका, ते मी सांगायचं नाही आणि तुम्ही विचारायचं नाही. इकडं बघा."

पडद्यावर सगळा राखाडी धूर. त्यात एक पांढरट डाग, आणि त्यानं बाजूला ढकललेलं हृदय. पण धडधडत होतं. बाईंनी मापं घेतली, मागच्या मापांशी ताडली. सूनबाई छताकडं बघत होती. माझ्या मुलाची बोटं तिनं इतकी घट्ट धरली होती की ती पांढरी पडली.

"वाढली नाही," बाई म्हणाल्या. "पण बाळंतपण जिथं लहान बाळांचे सर्जन आहेत तिथंच करा."

"श्वास घेईल ना जन्मल्यावर?" मी विचारलं.

"बहुतेक घेईल. खात्री नाही देत."

तोंडावर असं सांगणारा माणूस मला पटतो. दोन्ही हात जोडले.

बाळंतपण सुरतेला झालं. मुलगी. आधी मांजरासारखी बारीक, मग दणकून रडली. नर्सनं माझ्या हातात दिली तेव्हा मी तोंड बघितलंच नाही. दुपट्यातली छाती बघत बसलो, वर-खाली, वर-खाली. शेवटी नर्सनं बाळ परत मागायला हात पुढं केले, "दादा, हवे आपो ने!"

सहाव्या महिन्यात ऑपरेशन करून गाठ काढली. बरगड्यांवर बोटाएवढा व्रण आहे. आता ती उभी राहायला बघते. कधी खोकली की सूनबाई तिला आधी माझ्याकडं आणते. "आप्पा, ऐका बरं, घरघर आहे का?" मशीनच्या आवाजानं माझा एक कान गेलाय. मी दुसरा लावतो.