ताटात धुतलेला हात

मी माझ्या बापाला देशोदेशीचं जेवण करून घातलं ते प्रेमापोटी नव्हे. सोसायटीतल्या बायकांना मात्र तसंच वाटायचं. केवढी हौशी मुलगी, म्हाताऱ्या आईवडिलांना दर रविवारी नवीन काहीतरी करून घालते! लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "आज कुठला देश?" मी हसून सांगायचे. खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सूड घ्यायचा होता, आणि तो घ्यायला माझ्या हातात स्वयंपाकघराखेरीज दुसरं काही नव्हतं.

त्याचं मूळ डोंबिवलीत आहे. पूर्वेला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, आईबाबा आणि मी. बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत होते. कोकणातून येताना त्यांनी गावची एक रीत जशीच्या तशी बरोबर आणली होती. आधी बाबा जेवायचे, त्यांच्याबरोबर मी, आणि सगळं आवरल्यावर शेवटी आई, तीही बाबांच्या उष्ट्या ताटात. बाबा उठून मोरीवर हात धुवायचे, ताट तसंच राहायचं, आणि आई त्यातच स्वतःला वाढून घ्यायची. नवऱ्याच्या ताटात जेवलं की पुण्य मिळतं, असं तिला तिच्या आईने सांगितलं होतं. पुण्याचं मला ठाऊक नाही, पण भाजी बहुतेक वेळा संपलेली असायची.

एका रविवारी बाबांनी सुरमई आणली. त्यांना बढती मिळाली होती, म्हणून. आईने कालवण केलं, चार तुकड्या तळल्या. बाबांनी नेहमीसारखी अर्धी तुकडी आईसाठी ताटात राखून ठेवली. तेवढं ते करायचे, नाही म्हणणार नाही. पण कालवणात मीठ कमी पडलं होतं. पहिल्या घासालाच त्यांच्या कपाळावर आठी चढली. आईने मिठाची बरणी पुढे केली, ती त्यांनी हातात घेतली नाही. तसंच जेवले. शेवटी तांब्या उचलला आणि ताटातच हात धुतला. उरलेल्या भातावर, त्या अर्ध्या तुकडीवर, एकेक बोट चोळून. मग ताट आईपुढे सरकवलं आणि म्हणाले, "घे. जेव."

आईने ताट मोरीत तिरकं धरलं, पाणी निथळू दिलं, आणि तेच ती जेवली. मी समोर बसून बघत होते. "एवढी महागाची सुरमई, टाकायची कशी?" एवढंच ती म्हणाली.

पुढे मोठी झाल्यावर मी तिच्याकडे हा विषय कितीदा काढला असेल. दरवेळी ती म्हणायची, "कधी गं? मला नाही बाई आठवत. तुझं आपलं काहीतरीच." मला बाबांपेक्षा तिचाच जास्त राग यायचा. जिच्या घासावर पाणी पडलं ती विसरून गेली, आणि मी मात्र ते ताट डोक्यात घेऊन लग्न केलं, संसार थाटला, पोरगी वाढवली.

दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि आईबाबा माझ्याकडे ठाण्यात वर्तकनगरला राहायला आले. आईने भांड्यांतलं फक्त एक आणलं, तो पितळी तांब्या. बाबांनी स्वतःला आणलं, तेवढं पुरेसं होतं. पहिल्याच दुपारी ते माझ्या डायनिंग टेबलाशी बसले आणि म्हणाले, "वाढ." जेवून उठले. आईने त्यांचं ताट उचललं आणि ओट्याखाली जमिनीवर बसून त्यात वाढून घेतलं. टेबलाला सहा खुर्च्या होत्या. माझी मुलगी तेव्हा नववीत. ती डोळे मोठे करून बघत राहिली.

"आजी, तू आजोबांच्या प्लेटमध्ये का जेवतेयस?"

उत्तर आजोबांनी दिलं. "आपल्यात असंच असतं. लग्न झालं की तूपण शिकशील."

बस. त्या क्षणी माझं ठरलं. मला फक्त एक गोष्ट बघायची होती. आईने गरम गरम पहिला घास घ्यायचा, बाबांच्या आधी, आणि तो बाबांनी समोर बसून बघायचा. भांडून हे होणार नव्हतं. भांडण लागलं की आईच बाबांची वकील व्हायची, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

रस्ता मुलीने दाखवला, तोही नकळत. तिला व्हिडिओ बघून परदेशी पदार्थ करायचा नाद लागलेला. म्हणाली, "आई, दर संडेला एक कंट्री करूया ना? मजा येईल." माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. परदेशी जेवण आलं की जेवायची परदेशी रीतही आलीच. मी म्हटलं, करूया, पण जेवायचंसुद्धा तिथल्यासारखंच. देश मी निवडणार.

तिला सगळ्यात आधी कोरिया हवा होता, तिच्या वयाच्या पोरींना दुसरं काही सुचतच नाही. मी जरा वाचलं तर कळलं, तिथे घरातल्या मोठ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे खायला सुरुवात करत नाहीत. मी कोरिया रद्द केला. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नाइलाज होता.

मेक्सिकोपासून सुरुवात झाली. मक्याच्या छोट्या चपात्या, राजमा, कोबी, कांदा, लिंबू, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत टेबलावर. बाबा आले, बसले, हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिले.

"वाढा की कोणीतरी."

"बाबा, त्या देशात कोणी वाढत नाही. ज्याचं त्याने भरायचं."

त्यांना येईना. जन्मात कधी स्वतःच्या हाताने भात वाढून घेतलेला नाही. राजमा लेंग्यावर सांडला. माझा नवरा मदत करायला पुढे सरकला, मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. पण आई? ती ओट्याशी उभी राहून चपात्या भाजत होती. "तुम्ही घ्या, मी गरम गरम देते." सगळे उठल्यावर बाबांच्या प्लेटमध्ये सांडलेलं गोळा करून जेवली.

जपानच्या वेळी मी टेबलावरच शेगडी ठेवली, म्हणजे ओट्यापाशी जायला कारणच नको. मधोमध मोठं पातेलं, त्यात उकळणारं पाणी, भाज्या, मशरूम, कोळंबी. सगळ्यांनी एकाच वेळी बसायचं आणि त्यातून उचलून खायचं. आई बसली, पण खुर्चीच्या अगदी टोकावर. दोन मिनिटांनी तिला वाळत घातलेले कपडे आठवले. मग कचरेवाला आठवला. रविवारी कचरेवाला येत नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. त्या दिवशी मला आणखी एक शोध लागला. बाबांसाठी तिने कुकरमध्ये गुपचूप वरणभात लावून ठेवला होता. मी सैन्य जमवावं आणि घरातल्याच माणसाने मागचं दार उघडं ठेवावं, तसा प्रकार.

लेबनॉन झालं, तुर्कस्तानचा नाश्ता झाला. बाबा दरवेळी चडफडत. "हे काय शेळीसारखं पाला खायचं? रविवार म्हणजे मटण असतं माणसांच्या घरी." एका रविवारी पिशवी घेऊन उठले. "मी गावी चाललो. तिथे निदान माणसासारखं जेवायला मिळेल." आणि खरोखर खोपटला एसटी डेपोत गेले. आई दाराशी उभी राहून रडायला लागली. मी म्हटलं, येतील. तासाभरात आले. शर्टावर वडापावची लाल चटणी सांडलेली होती. "गाडीला गर्दी होती," म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून जळायचा होता.

मग मला इथिओपिया सापडला.

तिथे सगळ्या घराचं मिळून एकच मोठं ताट असतं. त्यावर आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ पोळी पसरायची, तिच्यावर डाळी, भाज्या, कोंबडीचा रस्सा वाढायचा, आणि सगळ्यांनी चारी बाजूंनी हात घालून खायचं. वेगळी थाळी नाही, पहिली पंगत नाही. ज्याला त्याला एकमेकांचं उष्टंच. वाचल्यावर मी मोबाइल खाली ठेवला आणि एकटीच हसले.

त्यांचं धान्य इथे कुठलं मिळायला? मी नाचणीत तांदळाचं पीठ घालून दोन दिवस आंबवलं. तव्यावर पहिली पोळी घातल्यावर आईने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर आंबोळी. एवढ्या लांब कशाला गेलीस?" मग तिनेच पीठ पातळ केलं, झाकण ठेवलं, आणि माझ्यापेक्षा चांगल्या पोळ्या काढल्या. मुलीने मसुराची डाळ केली. मी कोंबडी केली, भरपूर कांदा नुसताच परतून, मग मिरची, मेथी, वेलची, आणि रश्श्यात उकडलेली अंडी. मोठी परात टेबलाच्या मधोमध आली. वास असा सुटला की बाबा हाक न मारता आले.

बसले आणि इकडेतिकडे बघायला लागले. "माझं ताट?"

"हेच. सगळ्यांचं मिळून एकच."

"म्हणजे सगळे ह्यातच हात घालणार?"

"हो."

"मी कुणाचं उष्टं खात नाही. माझं वेगळं काढ, मग तुम्ही बसा."

मी इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघत होते ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं. माझा आवाज चढला. "आईने जन्मभर तुमचं उष्टं खाल्लं, ते चाललं?"

"तिला कधी त्रास झाला नाही. तुलाच पुळका. विचार तिला, कधी एका शब्दाने तरी बोलली का? विचार ना!" आणि खुर्ची मागे ढकलून ते बाल्कनीत जाऊन बसले. त्यांना खात्री होती, पाच मिनिटांत आई ताट वाढून घेऊन येईल. मलाही तीच खात्री होती. हरले, असंच वाटलं.

आईने पदराला हात पुसले. बाबांची रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसली, पाठ टेकून.

"चला," म्हणाली. "गार होतंय."

तिने पोळीचा तुकडा तोडला, त्यात कोंबडी धरली, अंड्याचा भाग घेतला आणि पहिला घास तोंडात घातला. बाल्कनीचं दार उघडं होतं. बाबा बघत होते. मुलगी मला कोपराने ढोसत होती. मी एक घास डाळीचा घेतला. मीठ कमी होतं. पोरगी विसरली असणार. मी बरणी आणायला उठले तर आईने माझं मनगट धरलं.

"राहू दे. बस तू."

आई सावकाश जेवली. इतकी सावकाश जेवताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्यांदा कोंबडी घेतली. अंडं मागून घेतलं. नातीला एक घास भरवला. मग आम्हा सगळ्यांकडे बघून तिने विचारलं, "झालं ना तुमचं?" आमचं झालं होतं. परातीत निम्म्याहून जास्त जेवण शिल्लक होतं. भूक आवरेना म्हणून बाबा एव्हाना आत येऊन उभे राहिले होते. आपल्यासाठी राखलंय, हे बघून त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

आईने तांब्या उचलला. उजवा हात परातीवर धरला आणि पाणी सोडलं. कोंबडीवर, डाळीवर, मऊ पोळीवर. एकेक बोट चोळून तिने हात धुतला. अंगठासुद्धा. मुलगी "आजी!" म्हणून ओरडली. नवऱ्याने तिला गप्प केलं. आईने ओला हात पदराला पुसला, उठून ती खुर्ची मोकळी केली आणि परात बाबांच्या बाजूला सरकवली.

"घ्या," म्हणाली. "जेवा."

मी बाबांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. तोंडावरचा रंगच उतरला होता. आणि मग मी आईकडे बघितलं, आणि मला कळलं की तिला सगळं आठवत होतं. सुरमई, तांब्या, ते दोन शब्द, सगळं. मी जन्मभर जो सूड जपून ठेवला होता तो मुळात माझा नव्हताच, तिचा होता, आणि तिने तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जपला होता. मला बाबांची दया यायला हवी होती. आली नाही. मला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

बाबा बसले. मग त्यांनी परात एका बाजूने उचलून तिरकी केली, पाणी दुसऱ्या कडेला जाऊ दिलं, आणि कोरड्या बाजूचा तुकडा तोडून डाळीचा घास घेतला.

आई उभी राहून बघत होती. घास गिळून होईपर्यंत ती थांबली.

"मीठ बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

मिठाची बरणी ओट्यावर होती. मी ती आणायला उठले नाही.