मागं उरलेलं एन्टर

सी भाषेच्या प्रॅक्टिकलात मी दोनदा नापास झाले, आणि दोन्ही वेळा एकाच ओळीपायी. तिसऱ्यांदा बसले तेव्हा वय बेचाळीस, आणि नियमाप्रमाणं ती शेवटची संधी. त्यातही गेले असते तर बीसीएची सगळी वर्षं पाण्यात.

राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये सर प्रोग्राम सांगायचे आणि आम्ही आरतीसारखे पाठ करायचो. प्रोग्राम साधा होता. आधी विद्यार्थ्याचा नंबर विचारायचा, मग 'आणखी आहेत का?' म्हणून हो-नाहीसाठी वाय किंवा एन घ्यायचं; वाय नसेल तर प्रोग्राम संपवायचा. या दोन प्रश्नांच्या मध्ये सर फ्लश नावाची एक ओळ घालायला लावायचे. का, म्हटलं की, "बाई, लिहा की गप! मार्क पडत्यात." क्लासच्या जुन्या मशीनवर ती ओळ चालायचीही. कॉलेजातल्या मशीनवर मात्र लिनक्स नावाची वेगळीच सिस्टीम. तिथं नंबर टाकून एन्टर मारलं की प्रोग्राम दुसरा प्रश्न दाखवायचा आणि उत्तर न घेताच संपून मोकळा! अरे मेल्या, मी अजून बोटसुद्धा हलवलं नव्हतं.

दुसऱ्या निकालानंतर मी रडले नाही, चिडले. घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून घेतलं आणि बसले.

नवरा म्हणाला, "आता बास की. कोण हसतंय व्हय तुला?"

"हसू दे न्हायतर रडू दे. कळल्याबिगार मी सोडणार न्हाय."

प्रोग्राम माझं उत्तर म्हणून नक्की काय घेतोय, ते आकड्यात छापून बघितलं. दहा आलं. कुठल्या अक्षराचा कुठला आकडा, त्या तक्त्यात शोधलं, तर दहा म्हणजे नवी ओळ. म्हणजे माझंच एन्टर! नंबर घेताना मशीन आकडे तेवढे उचलतं, एन्टर मागं ठेवतं, आणि पुढचा प्रश्न त्यालाच उत्तर समजतो. क्लासच्या मशीनवर फ्लश ते उरलेलं एन्टर पुसायचं, लिनक्सवर नाही. एवढ्यासाठी माझी दोन वर्षं गेली होती. मी फ्लश खोडलं आणि तिथं एक अक्षर गिळून टाकणारी ओळ घातली. प्रोग्राम चालला.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी बारा टाइप केलं, सहज एक स्पेस दाबली आणि मग एन्टर. प्रोग्राम फाडदिशी संपला. त्यांनी मार्क लिहायला पेन उचललं.

"सर, थांबा. अजून धा मिनिटं हायत माझी."

"मॅडम, पाठ केलं की असंच होतं."

"पाठ केलेलं न्हाय ते!" मी ओरडलेच. अख्खी लॅब माझ्याकडं बघायला लागली. पण डोकं ठिकाणावर होतं. माझ्या ओळीनं ती स्पेस गिळली आणि एन्टर तसंच राहिलं. म्हणजे एक अक्षर गिळून भागणार नव्हतं, एन्टर सापडेपर्यंत गिळत जायला हवं होतं. एका ओळीचा लूप लिहिला आणि खुर्ची बाजूला सरकवली.

परीक्षकांनी पुन्हा बारा टाकलं, या वेळी मुद्दाम चार स्पेस दिल्या आणि एन्टर मारलं. 'आणखी आहेत का?' असं उमटलं आणि प्रोग्राम थांबला. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. माझे डोळे भरून आले.

"द्या की मॅडम उत्तर," ते हळूच म्हणाले.

"देते सर. पण जरा थांबू दे की त्याला. दोन वर्षांत माझ्यासाठी एकदा थांबला न्हाय तो."