धान्यबंदीचं पत्रक

बाबांची साखर पहिल्यांदा वाढली, त्यात माझा काहीही हात नव्हता. दुसऱ्यांदा वाढली ती मात्र संपूर्णपणे माझ्या लेखणीमुळे!

वाशिमच्या बाहेर आमचा भाजीचा मळा आणि बाजारात बाबांचं दुकान. गावात मोर्चा निघाला की उरलेली पत्रकं बाबा मिरच्या बांधायला आणत. मी वाचायला शिकलो ते त्याच पत्रकांवर. त्यामुळे मला साधी पोटदुखीसुद्धा 'जाहीर निषेध' म्हणूनच सुचते. मोठा झालो तसा स्वतःच पत्रकं लिहू लागलो. उपासतापासाविरुद्धच माझी तीन आहेत. (तिन्ही मिरच्यांनाच गेली.)

डॉक्टर बाबांना म्हणाले, "जेवणातला पिष्टमय भाग कमी करा. महिन्याने पुन्हा तपासू. साखर उतरली नाही, तर गोळी."

गोळी म्हटल्यावर साखरेआधी बाबांचा चेहराच उतरला. अनसिंगचे मोठेकाका एका गोळीपासून सुरू झाले होते. आता त्यांच्याकडे गोळ्यांचा डबा आहे, आणि डब्याला कप्पे आहेत! बाहेर आल्यावर बाबा मला हळूच म्हणाले, "मले डबा नोको रे बाबू. तू वाचून राह्यला न एवढं? काहीतरी कर."

बापाने पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी दोन दिवस मोबाइलला चिकटलो. एक जाणकार म्हणे पोळी-भात मुळातच बंद करा, दुसरा म्हणे निम्मा करा, तिसरा म्हणे सगळं खा पण दोनदाच खा, आणि चौथा वाटीभर तूप प्यायला सांगत होता. दोन दिवसांनी मला एवढंच कळलं की माझं डोकं दुखतंय.

संध्याकाळी मी घरात बैठक बोलावली.

आई म्हणाली, "यात बैठक कायची घेतं? दोन पोळ्या कमी करा, भात बंद, भाजी जास्त. झालं."

"ही तडजोड आहे!" मी ओरडलो. "अर्धवट सुधारणांनी कधी काही बदललंय का? मुळावरच घाव पाहिजे!"

मतदान घेतलं. दोन विरुद्ध एक मतांनी मूळ जिंकलं. (बाबांनी हात वर केला होता तो पंख्याचं बटन दाबायला, हे त्यांनी नंतर सांगितलं.)

लगेच पत्रक लिहायला घेतलं. आधी 'कर्बोदके' असा शब्द लिहिला, पण मन पेटून उठलं. जनतेच्या पोटाचा प्रश्न जनतेच्याच भाषेत मांडला पाहिजे! शब्द खोडला आणि लिहिलं: 'आजपासून महिनाभर धान्य बंद! गहू, ज्वारी, तांदूळ, डाळ यांचा एक दाणाही पोटात जाणार नाही! वाचा, पाळा आणि अकरा जणांना सांगा!' वीस झेरॉक्स काढल्या. एक आमच्या दारावर, बाकीच्या गल्लीत.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि केळं.

"आई, हे काय?"

"साबुदाणा धान्य हाये काय?"

मी मोबाइलवर पाहिलं. साबुदाणा कंदापासून बनतो. "नाही," मी म्हणालो.

"बटाटा?"

"नाही."

"मंग जेवू दे त्याइले!"

मुद्दा पत्रकाला धरूनच होता. शिवाय आईने आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक पाळलं होतं, त्या आनंदात मी होतो. रात्री भगर आली, तेव्हा मात्र माझी खात्री डळमळली. "आई, हे धान्यच वाटतं मला."

"उपासाले चालते," आई म्हणाली. "अन् तुह्या पत्रकात भगरीचं नाव कुठी हाये?"

नव्हतं. पण 'उपास' हा शब्द कानात अडकला.

आठवड्याने बाबांनी चमचा खाली ठेवला. "बाबू, मले एक सांग. मी जेवून राह्यलो का उपाशी हावो? पोट भरते, पण जेवल्यासारखं काही वाटत नाई."

"हा बदलाचा काळ आहे बाबा!" मी म्हणालो. (खरं तर मलाही काही कळत नव्हतं.)

तिकडे शेजारच्या कमलकाकूंनीही धान्य सोडलं, आणि मनोभावे अकरा जणींना सांगितलं. बाबांच्या दुकानात सकाळी आठलाच रताळी संपू लागली. मी छाती फुगवून फिरत होतो. जनता जागी झाली होती!

महिना संपला. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, पुन्हा पाहिला आणि विचारलं, "काय खाल्लं महिनाभर?"

बाबांनी साबुदाणा, बटाटे, रताळी, भगर, केळी अशी यादी पाठ म्हणून दाखवली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "हे कोणत्या महाराजांचं व्रत?"

"महाराज नाई जी," बाबांनी खिशातून पत्रक काढून अभिमानाने पुढे केलं, "आमचं पोरगं व्हय!"

डॉक्टरांनी ते 'अकरा जणांना सांगा'पर्यंत वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोटात गेल्यावर या सगळ्याची साखरच होते. आणि उपयोगाची तेवढी डाळ बंद केलीत! दोन पोळ्या कमी करा, भात बंद, भाजी जास्त."

आईने माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. (अजूनही बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.)

बाबांनी गोळीचं पाकीट उलटसुलट केलं. "एकच हाये न? डबा तं नाई?" आणि उलट माझ्याच पाठीवर थाप मारली. "जाऊ दे. तू मनापासून लिवलं होतं."

घरी आलो तर दारात कमलकाकू, हातात नारळ, मागे अकरा जणी. "महिना पुरा झाला बावा. आता उद्यापन कोण्या दिवशी करायचं?"

पिष्ट, साखर, विज्ञान असं सगळं समजावायला मी तोंड उघडलं. बारा जोडी डोळे श्रद्धेने माझ्याकडे बघत होते. आयुष्यात माझं एकच पत्रक लोकांनी शब्दशः पाळलं होतं!

"शुक्रवारी," मी म्हणालो.

शुक्रवारी उद्यापन झालं. बाबांनी मोजून दोन पोळ्या खाल्ल्या. नारळ फोडायला मी तत्त्व म्हणून नकार दिला, आईने फोडला. खोबरं तेवढं खाल्लं.

धान्य नव्हतं ना ते!