मंगलीबाईच्या झाडाखालची फुलं

मंगलीबाई मडावी आमच्या गावातली सर्वांत मोठ्या आवाजाची बाई. ती शेळीवर ओरडली की राजुऱ्याच्या रस्त्यावरचे ट्रकवाले ब्रेक मारत. दरवर्षी ती तेलंगणात मिरची तोडायला जाई आणि मोह गळायच्या वेळी बरोबर परत येई. जंगलाच्या कडेला तिची दोन मोहाची झाडं. त्यांना ना कुंपण, ना पाटी. पण कुठलं झाड कुणाचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी आम्ही गावाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकला. खुशालभाऊनं गळ्यात शिट्टी अडकवली. जन्मात पहिल्यांदाच लोक त्याचं ऐकत होते, म्हणून तो ती उगाचच वाजवे. मी पडलो मास्तर. 'बाहेरच्यांना बंदी' ही पाटी मी लिहिली. अक्षर फार सुरेख आलं होतं.

सहा दिवस चालून मंगलीबाई बांबूपाशी आली.

"खुशाल, उचल तो बांबू. पाय सुजले बापा."

"बाई, तू तेलंगणातून येऊन राह्यली. रोग आणला असशीन."

"मी बाहेरची कवा झाली रे? तुह्या लग्नात नाचून नाचून माह्या टाचा फुटल्या!"

"गुरुजीले विचार. पाटी त्यायची हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रुमालातून म्हणालो, "चौदा दिवस नाल्यापलीकडच्या झोपडीत राहा, बाई. डबा पोचवू."

"डबा नको. सकाळी झाडाखाली जाऊ द्या. मोह गळून राह्यला. तो गेला तं पावसाळ्यात काय खाऊ? मी कोनाच्या जवळ येत नाई."

"वाट गावातून जाते. नाही जमणार."

त्याच दुपारी खुशालचा भाचा दिनेश पुण्याहून गाडीनं आला. बांबू वर गेला. त्यानं आणलेली बाकरवडी मीही खाल्ली, आणि पुण्यात किती भयंकर साथ आहे ते त्याच्या गाडीला टेकून ऐकलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे माझी बायको हर्षा म्हणाली, "मंगलीबाईच्या झाडाखाली सडा पडला. जनावरं खाऊन टाकतीन, त्यापेक्षा..." पुढचं मी ऐकलं नाही. टोपली शोधत होतो. झाडाखाली खुशाल आधीच वाकलेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. रोज गेलो. जिच्या सावलीला भीत होतो, तिची फुलं आमच्या अंगणात वाळत पडली.

पंधराव्या दिवशी मंगलीबाई झाडाखाली उभी राहिली. जमीन लख्ख. खुराची एक खूण नाही, तुडवलेलं एक फूल नाही.

संध्याकाळी वाळलेल्या मोहाचं पोतं खांद्यावर घेऊन मी तिच्या दारात गेलो. "जनावरांच्या तोंडून वाचवलं, बाई," असं काहीतरी म्हणालो.

"ते तुमच्या झाडाचं असन, गुरुजी," ती म्हणाली. "माह्या झाडाले औंदा फूलच आलं नाई."

आणि तिनं दार लावून घेतलं.

पोतं घेऊन मी भर गावातून घरी आलो. वाटेत निम्मं गाव ओट्यावर बसलं होतं. हे कुणाचं, असं एकानंही विचारलं नाही.