सातव्या खोलीची नक्कल

तुरुंगाच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईला सगळे तोफ म्हणत, आणि उगाच नाही. कैदी असो की साहेब, भीडभाड कुणाचीच नाही. एकदा अंगावर धावून आलेल्या कैद्याचं नाक तिने कीबोर्डनेच फोडलं, आणि रक्त पुसून त्याच कीबोर्डवर दिवसभर काम केलं. पण कोणता कैदी कोणत्या खोलीत, याचा प्रोग्रॅम लिहावा तर तिनेच. प्रोग्रॅममधल्या याद्यांना डिक्शनरी म्हणतात; इथे डिक्शनरीच्या पोटात डिक्शनरी: बराकीत खोल्या, खोल्यांत माणसं. फाटकावरचा हवालदार पडद्यावर दिसेल तसा कैदी हलवायचा.

सातव्या खोलीत एक सुतार होता. याच तुरुंगातल्या एका पैलवानाने केलेला खून त्याने कोर्टात सांगितला होता, आणि पैलवानाने तिथेच त्याचा जीव घ्यायची शपथ वाहिली होती. या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हे काम तोफेचं.

त्या सकाळी जेलर तिच्या डोक्यावर येऊन बसला. एका बराकीचं छत गळतंय, तिथले कैदी कुठे मावतील ते आत्ताच्या आत्ता दाखवा.

"नकलेवर करून दाखवते," तोफ म्हणाली.

तिने चालू प्रोग्रॅममध्येच सगळ्या यादीची नक्कल काढली, आणि धोक्याचा इशारा वाजतो का बघायला मुद्दाम पैलवानाला सातवीत टाकलं. तिच्या टेबलावर इशारा वाजला. बाई खूश.

घाई नडली ती इथे. नक्कल निघाली होती फक्त वरच्या डिक्शनरीची. आतल्या खोल्या खऱ्याच होत्या, दोन्हीकडून त्याच. नकलेतला पैलवान फाटकाच्या पडद्यावरही सातवीत जाऊन बसला. नवशिक्याची चूक, पण झाली हिच्या हातून.

"बदली आलीये, चल," हवालदार म्हणाला. पैलवान मुकाट्याने उठला.

किंकाळी कचेरीपर्यंत आली. तोफ पोचली तेव्हा पैलवान सुताराचं डोकं गजांवर आपटत होता, न थांबता, न बोलता. शिपायांनी पाठीवर काठ्या मोडल्या तरी पकड सुटेना. तिने दाराचं लोखंडी कुलूप उचलून त्याच्या बोटांवर घातलं. हाडं मोडली तेव्हा कुठे हात सुटले. सुतार तोवर संपला होता.

दुपारी सुताराची बायको आली. "हवालदाराने गोंधळ घातला, त्याला काढून टाकतोय," जेलरने सांगितलं. हवालदार कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

"त्याने काही केलं नाही," तोफ म्हणाली. "तुमच्या नवऱ्याच्या खोलीत त्या पैलवानाला मी टाकलं. माझी चूक."

बायको सरळ तिच्यापाशी गेली. मग तिने तोफेचे केस मुठीत धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. शिपाई धावले.

आयुष्यात कुणाची चापट उसनी न ठेवलेली तोफ हात मागे धरून उभी होती. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं.

"मध्ये पडू नका," ती शिपायांना म्हणाली. "तिचं व्हायचंय अजून."