बयाबाईच्या हातचं मीठ

बिरवाडीत कारखान्यात कामाला लागलो तेव्हापासून मी बयाबाईच्या खानावळीत जेवतो. घरी आईच्या जेवणाला नावं ठेवायचो. इथे कधी ठेवली नाहीत, कारण ऐकून घ्यायची बयाबाईची तयारी नव्हती.

नवरा गेल्यावर, पदरात लहानगा हर्षद असताना तिने ओटीवर ताटं मांडून ही खानावळ सुरू केली. पहिल्या पाळीचे डबे भरायला पहाटे उठायचं, सगळे जेवून गेले की उरलंसुरलं स्वतः खायचं, तेही गार. आताशा भाकऱ्या थापताना ती मधूनच ओट्याला टेकून उभी राहायची. गुडघे गेले होते. तिच्याकडे बघूनच माणूस दमायचा.

हर्षद म्हणाला, "बंद कर, खोल्या भाड्याने देऊ." सून अंकिता म्हणाली, "मी चालवते." बयाबाईने खानावळ सुनेला दिली. म्हणजे तोंडाने दिली. हात काही सुटेना.

त्या सोमवारी अंकिताने आमटीत मीठ घातलं आणि परसात कोथिंबीर आणायला गेली. तेवढ्यात बयाबाई आत आली आणि सवयीने मूठभर मीठ टाकून गेली. चाखून बघायची तिची रीत कधीच नव्हती. दुपारी आम्ही सगळ्यांनी भात जास्त मागितला, पण ब्र काढला नाही. सासू-सुनेच्या मध्ये बोलून उपाशी कोण राहणार?

अंकिताने मागाहून आमटी चाखली आणि तिथेच बसली. "आई, एक तर मीठ तुमी घाला, नायतर मी. दोघींचं नाय जमायचं."

आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. बयाबाईने मिठाच्या बरणीकडे बघितलं. मग म्हणाली, "तूच घाल गो. माझ्यानं आता व्हत नाय."

रडली नाही, नुसती थकलेली होती. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी अंकिताने पहिलं ताट सासूला वाढलं, आमच्याही आधी, वाफाळतं. बयाबाईने घास घेतला. तिच्या तोंडावरूनच कळलं, आमटी अळणी झालीय. कालच्या धसक्याने सुनेने हात आखडला असणार. आम्ही रिकाम्या ताटांपुढे बसलो होतो. बरणी समोरच ओट्यावर होती. बयाबाईने उठण्यासाठी जमिनीवर हात टेकला. मग तो उचलून परत मांडीवर ठेवला.

"अंकिता, जरा मीठ वाढ गो," ती म्हणाली.